ब्लोअर जोडला की पीटीओ खटखटतो, सील टिकत नाही

प्रश्न : माझा ट्रॅक्टर जुना आहे. द्राक्षबागेतला फवारणीचा ब्लोअर जोडला की मागे खटखट आवाज येतो, पीटीओतून (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टमधून) ऑईल गळते. ऑईल अडवणारे सील दोनदा बदलले. शाफ्टच्या खाचाही झिजल्यात. वेल्डिंग मारून चालेल का? (निफाड)

उत्तर : दोनदा बदलूनही सील गळतेय, म्हणजे दुखणे सीलचे नाही. इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा, ब्लोअरचा शाफ्ट सोडवा आणि पीटीओचे टोक हातात धरून वरखाली हलवा. गोल फिरवताना थोडी ढिलाई लागणारच, ती गिअरची असते. पण टोक वरखाली हलले तर बेअरिंग गेले समजा. अशा शाफ्टवर कितीही भारी सील बसवले तरी ते चार दिवसांचे पाहुणे.

बेअरिंग ठीक असेल तर सील जिथे घासते तिथे नख फिरवून बघा. नख अडकले तर शाफ्टलाच चर पडलाय. तिथे स्लीव्ह (पातळ धातूची नळी) बसवावी लागेल किंवा शाफ्ट बदलावा लागेल. ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र) ही साफ करा. तो मातीने बुजला की आत दाब वाढतो आणि ऑईल सीलमधून वाट काढते.

खाचांवर वेल्डिंग मात्र नको. हा शाफ्ट उष्णता देऊन कडक केलेला असतो. वेल्डिंगच्या आचेने तो कडकपणा जातो, शाफ्ट वाकतो. पैसे वाचल्यासारखे वाटतात, पण ऐन फवारणीत शाफ्ट तुटला तर केवडा रोग तुमची वाट बघत नाही. नवा शाफ्ट घेताना जुना सोबत न्या. मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या पीटीओला बाहेर ६ खाचा असतात, पण आतली लांबी आणि दाते मॉडेलप्रमाणे बदलतात.

काम करण्याआधी ऑईल स्वच्छ डब्यात काढा. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरलेय. लोखंडाचे तुकडे निघाले तर गिअरही मिस्त्रीला दाखवा. सीलची स्प्रिंग असलेली बाजू ऑईलकडे ठेवा. सील सरकवताना खाचांवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर धारेने सीलचा ओठ कापला जातो. सर्क्लिप (अडकवायची स्प्रिंगची कडी) नवीच टाका.

आता खटखटीचे. बऱ्याचदा ती ब्लोअरच्या शाफ्टमुळे येते. मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत. नळी काढून घालताना एक खाच चुकली तरी सगळे हादरते. क्रॉसला (काट्यांमधल्या फुलीच्या सांध्याला) रोज ग्रीस द्या. आणि ओळ संपल्यावर वळताना पीटीओ बंद करा. आपल्या बागांत टोकाला जागा कमी, वळण आवळ, आणि त्या कोनात क्रॉस आणि बेअरिंग दोन्ही मार खातात.

शाफ्टवरचे गार्ड काढून ठेवले असेल तर आधी ते बसवा. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचे टोक अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

ऑक्टोबर छाटणीआधीच हे उरका. जोडणी झाल्यावर ब्लोअर न लावता दहा मिनिटे पीटीओ चालवा, मग इंजिन बंद करून सीलखाली कोरडा कागद धरून बघा.