लहान कोंबड्या रात्री उंच खुराड्यात स्वतःहून चढत नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांची दहा पिलं आहेत, खुराडं जमिनीपासून अडीच फूट उंच आहे, फळीही लावली आहे, तरी दिवस मावळला की सगळी फळीखाली गठ्ठा करून बसतात आणि तुम्हाला एकेक उचलून आत ठेवावं लागतं. उचलून ठेवताय ते बरोबरच आहे, ती रात्र तरी निभते. पण त्यातून पिलू एवढंच शिकतं की अंधार पडला की इथे खाली बसायचं, मग कोणीतरी येऊन नेतं. आत जायची वाट त्याच्या पायाखालून कधी जातच नाही.

मी नाशिकजवळ मखमलाबादला राहते. सासूबाईंच्या काळात आमच्याकडे डालगंच, म्हणजे बांबूची विणलेली मोठी टोपली, होतं. संध्याकाळी ती-ती-ती करून कोंबड्या ओट्यावर बोलवायच्या, डालग्याखाली झाकायच्या आणि वर दगड ठेवायचा. चढण्याचा प्रश्नच यायचा नाही. पुढे मुंगसाचा त्रास वाढला, पावसाळ्यात ओट्यावर ओल यायची, म्हणून आम्ही पायांचं खुराडं करून घेतलं. पहिल्याच आठवड्यात एकदा लग्नाहून यायला उशीर झाला. पिलं खालीच बसली असणार. सकाळी दोन कमी होती, खुराड्याच्या पायाशी नुसती पिसं पडलेली. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पिलांजवळ जमिनीवर बसून राहिले. तुम्हीही एकदा बसाच. आपण उभे असतो तेव्हा सगळं दिसतं, पण पिलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून खुराड्याचं दार म्हणजे नुसतं काळं भोक दिसतं. बाहेर अजून थोडा उजेड, आत गुडूप अंधार. एक तांबूस पिलू चार पावलं फळीवर चढलं, मान लांब करून दाराकडे बघितलं, एक पाय वर धरून तसंच थांबलं आणि वळून खाली आलं. त्याला बघून बाकीची हललीही नाहीत. सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, पिलाला वाट दिसंना तर ते चढेल कसं? आत दिवा ठेव."

खरी गोष्ट तीच आहे. कोंबडीचा डोळा दिवसाच्या उजेडासाठी बनलेला आहे. रंग तिला आपल्यापेक्षा चांगले कळतात, पण संधिप्रकाशात तिला फार कमी दिसतं, आणि दिसेनासं झालं की ती असेल तिथे बसून घेते. मोठ्या कोंबडीला वाट पाठ असते, पिलाला नसते. म्हणून फळी बदलण्याआधी आत उजेड करा. लहानसा एलईडी किंवा सोलरचा दिवा पुरतो. तो दारात लावू नका, मागच्या भिंतीला लावा, म्हणजे आतली जमीन आणि बसायची दांडी दिसते. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधी लावायचा आणि सगळी स्थिरस्थावर झाली की मगच बंद करायचा. मधेच बंद केला तर निम्मी पिलं दांडीवर आणि निम्मी जमिनीवर अडकतात. दाणा टाकायची वेळही सूर्याबरोबर सरकवावी लागते: नाशिकला डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, जूनअखेर सव्वासातला.

आता फळी. अडीच फूट उंचीला तीन फुटांची फळी लावली असेल तर ती पिलाला भिंतच वाटते. उंचीच्या दुप्पट लांबी घ्या, म्हणजे तुम्हाला पाच फूट लागेल. घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या हव्यात, चार-पाच इंचांवर. मी ठिबकची जुनी 16 मिमीची नळी उभी चिरून तिचे तुकडे खिळ्यांनी ठोकले. द्राक्षवाल्यांकडे ही नळी मागाल तेवढी मिळेल. गोणपाट ठोकू नका, आमच्या पावसात ते आठ-आठ दिवस वाळत नाही आणि शेवाळतं. फळी दाबून बघा, पावलागणिक डुलली तर पिलू पुन्हा पाय ठेवणार नाही. जागा कमी असेल तर टोमॅटोचे कॅरेट, म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार खोके, पालथे घालून पायऱ्या करता येतात, फक्त वर फळीचा तुकडा टाका, नाहीतर जाळीत नख अडकतं.

मोठ्या कोंबड्याही सोबत असतील तर एक संध्याकाळ फक्त दारावर लक्ष ठेवा. आमच्याकडे एक जुनी कोंबडी दारातच बसायची आणि वर येणाऱ्या प्रत्येक पिलाच्या डोक्यात टोच मारायची. तिच्यासाठी ती तिची जागा होती, पिलांसाठी रोजची शिक्षा. मग मी पिलांना अर्धा तास आधी आत घ्यायला लागले आणि मोठ्यांचा दाणा तोवर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला टाकायचे. आत लहानांसाठी वेगळी दांडी लावा, जमिनीपासून फूटभर. उंच दांडीवर मोठ्या बसतात आणि खालच्या दांडीसाठी सहसा भांडत नाहीत.

हे सगळं जागेवर आलं की शिकवायला घ्या. पहिले पाच-सात दिवस पिलांना बाहेर मोकळं सोडूच नका. खुराडं आणि त्याच्या पायांभोवती जाळी, एवढ्यातच दाणापाणी. हेच घर, हे त्यांच्या डोक्यात बसतं. पण एप्रिल-मे असेल आणि वर पत्रा असेल तर दिवसा आत कोंडू नका, उन्हात पत्र्याखाली पिलं मरतात. सावलीतली जाळी चालेल. दुपारनंतर खाणं कमी ठेवा आणि संध्याकाळी रोज तोच आवाज देऊन बाजरी किंवा तांदळाची कणी फळीवर थोडी, दारात थोडी आणि बरीचशी आत टाका.

जी येणार नाहीत त्यांना उचला, पण आत ठेवू नका. दाराच्या एक वीत अलीकडे, फळीवरच, तोंड उजेडाकडे करून ठेवा. शेवटची दोन पावलं त्यांनाच टाकू द्या. मागे हाताचा आडोसा धरा, ढकलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी थोडं खाली ठेवा, मग फळीच्या पायथ्याशी. आमची तांबडी पाचव्या दिवशी आपली आपण चढली आणि तिच्यामागे तिघी गेल्या. सगळ्यांना मिळून बारा दिवस लागले. गावरान पिलं लवकर शिकतात, अंगानं जड जातींना वेळ लागतो, त्यांच्यासाठी फळी आणखी लांब केली तरी हरकत नाही.

थंडीत आणखी एक जपा. निफाडकडे तर पारा फार उतरतो, आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो. पिलं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि तळातली गुदमरतात. आत तूस किंवा वाळलेलं गवत जाड अंथरा आणि कोपऱ्यात पुठ्ठा वाकवून लावा, म्हणजे टोकदार कोपराच राहत नाही. आईसोबतची महिन्याच्या आतली पिलं असतील तर त्यांना चढवायच्या फंदात पडू नका, आईसकट डालग्याखाली घराच्या आत घ्या. आणि शेत उसाला लागून असेल तर अंधारात पिलं शोधायला मुलांना पाठवू नका, दारणा नदीकाठच्या गावांत बिबट्या किती जवळ येतो ते तुम्हाला ठाऊकच असेल.

आधी नीट चढणारी पिलं अचानक बाहेर थांबायला लागली तर मात्र फळीकडे बघू नका, आतली दांडी बघा. गोचीड आणि रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा लाकडाच्या फटीत दडतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात. रात्री नऊ-दहाला पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने घासून फिरवा. त्यावर लाल डाग आले तर सकाळी खुराडं रिकामं करून फटी साफ करा आणि कोणतं औषध फवारायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.