५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस लिंकचा स्पीड ऑटोवर (रेडिओ सिग्नल बघून स्वतःच वेग ठरवतो तेव्हा) सारखा खाली येतो. सगळ्यात वरच्या मॉड्युलेशनवर (सिग्नलवर बिट चढवायची पद्धत; जितकी वरची, तितकी वेगवान पण नाजूक) लॉक केला तर पूर्ण स्पीड टिकेल का?

नाही टिकणार. आकडा खाली येतो म्हणूनच तुमचा लिंक जिवंत आहे.

आमचा लिंक दाभोळच्या खाडीवरून पलीकडे गुहागरच्या बाजूला जातो. भागीदाराने पहिल्याच दिवशी तो ६४-क्वाम, ५/६ कोडिंगवर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर लॉक केला, कारण गिऱ्हाइकाला ६५ एमबीपीएस दिसायला हवे होते. दिसलेही, ओहोटीला. मग रोज लिंक मरायला लागला. वीसेक मिनिटं ठार बंद, नंतर आपोआप चालू. भागीदाराने खापर आधी विजेवर फोडलं, मग पावसावर (५ गिगाहर्ट्झला पाऊस जवळजवळ लागतच नाही, ती रड १० च्या वरची), शेवटी माझ्या क्रिम्पिंगवर, म्हणजे केबलला कनेक्टर दाबून बसवण्यावर. चारचौघांत म्हणाला, "याच्या हाताला गुणच नाही."

मी वहीत वेळा लिहायला लागलो. त्या रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकत होत्या. जेटीवरच्या एका तांडेलाने वही बघितली नि हसला. "अरे, ही तर भरतीची वही. तिथीची पाऊणपट करून बघ, भरतीची वेळ येते." अष्टमीला भरती सहाला. लिंक गेला होता एकदा चारला आणि पुन्हा एकदा आठला!

सरळ येणारा सिग्नल आणि पाण्यावर आपटून येणारा, पाणी एका ठरावीक उंचीला आलं की एकमेकांना मारतात. चढताना एकदा, उतरताना एकदा. ५/६ मध्ये सहा बिटांमागे चुकांच्या दुरुस्तीला एकच बिट, ते कुठवर पुरणार? ऑटोवर असता तर क्यूपीएसके १/२ या खालच्या, दणकट पायरीवर उतरला असता, निम्मे बिट दुरुस्तीला देऊन १३ एमबीपीएसवर रखडला असता, पण चालला असता.

शेवटी अँटेना कड्यापासून मागे घेतली. पाण्यावरून येणारा सिग्नल कातळाच्या कडेने अडवला.

आता एक कबूल करतो, ऑटोवर असता तर सिग्नलचा हा खड्डा मला कधी सापडलाच नसता. आणि स्वस्तातला रेडिओ फारच उड्या मारत असेल, तर ऑटोच ठेवून मॉड्युलेशनची वरची मर्यादा एक पायरी खाली आणा, तेवढं चालतं. तुमचा लिंक पाण्यावरून जातो की नाही, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही.

भागीदार अजून सांगत फिरतो की कनेक्टर गंजला होता. तो कनेक्टर मी डबीत जपून ठेवलाय. लख्ख आहे.