दात आंबतात, मग झिजतात

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. हंगामात गोडी बघायला दिवसभर मणी तोंडात टाकावे लागतात. संध्याकाळी दात आंबलेले असतात, म्हणून घरी आल्या आल्या खसाखसा ब्रश करतो. तरी पुढचे दात पिवळे पडलेत, गार पाणी सोसत नाही. कीड लागली असेल का?

उत्तर : वर्णनावरून ही आम्लानं झालेली झीज वाटते. किडीत तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. इथं आम्ल थेट द्राक्षातूनच येतं. त्यानं दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, मऊ पडतं. लाळ ते पुन्हा घट्ट करते, पण तिला उसंत लागते. दर दहा मिनिटांनी एक मणी तोंडात गेला तर ती मिळणार कधी? त्यापेक्षा जेवणासोबत वाटीभर द्राक्षं एकदम खाल्लेली परवडतात. इनॅमल पातळ झालं की आतला पिवळसर थर दिसू लागतो आणि गारवा थेट झोंबतो.

खरी चूक ब्रशची होते आहे. मऊ पडलेला थर घासला की निघूनच जातो, आणि गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. घरी आल्यावर नुसत्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, ब्रश तासाभरानं. ब्रश मऊ घ्या, पेस्ट फ्लोराइडची. ट्यूबवर त्याचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, लिहिलेलं असतं; आपल्याकडे ते साधारण १००० असतं. घासून झाल्यावर फेस थुंका, पण चूळ भरू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. मिशरी, राखुंडी, लिंबू-मीठ अजिबात नको.

गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर बघा. काचेवर रसाचे दोन-तीन थेंब टाकले की ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेचा, आकडा दिसतो. फवारणी झालेले मणी न धुता तोंडात जाणंही त्यानं टळेल. चव घ्यावीच लागली तर चावा, थुंका, लगेच चूळ भरा. दात मात्र एकदा दाखवून घ्या. कीडही सोबत असू शकते.

प्रश्न : पित्तामुळे पहाटे आंबट पाणी तोंडात येतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू जिभेला खोलगट लागते. (मिरज)

उत्तर : जठरातलं आम्ल द्राक्षापेक्षा कितीतरी तीव्र असतं, आणि झीज नेमकी तिथंच होते. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून चूळ भरा, गिळू नका. रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरका. दातांच्या डॉक्टरांइतकीच पोटाच्या डॉक्टरांचीही गरज आहे. पित्त थांबल्याशिवाय दातावर बसवलेलं काहीही फार टिकत नाही.