वाटी परत करायची घाई

"मॅडम, इथं माझं मन लागत नाही."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी आजवर किती जणांकडून ऐकलं, मोजलेलं नाही. धडगावकडच्या आश्रमशाळेत नव्यानं लागलेली शिक्षिका, आयर्लंडला गेलेली नर्स, लग्न होऊन न्यू जर्सीत पोचलेली मुलगी, पोर्ट ब्लेअरला बदली झालेला अभियंता. ठिकाणं बदलतात, वाक्य तेच राहतं. त्याच्या मागून येणारं दुसरंही ठरलेलं असतं : "लोक चांगले आहेत हो, पण आपले नाहीत."

अशा प्रत्येकाला मी हल्ली एका बँक अधिकाऱ्याची गोष्ट सांगते. ती लिहायला त्याची परवानगी घेतली आहे. त्याचं नाव मात्र देत नाही, बदलूनही नाही. लक्षद्वीपमध्ये वस्तीची बेटं अवघी 10, आणि एकेका बेटावर बँकेची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मी नाव बदललं तरी तिथला शाळकरी पोरगाही त्याला ओळखेल. म्हणून बेटही सांगत नाही, आणि दोनचार तपशील इकडचे तिकडे केले आहेत.

मूळचा बार्शीकडचा, माळकरी घरातला. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं. सहा वर्षं पुण्यात काढून 2024 च्या एप्रिलअखेर, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, तो बेटावर उतरला. कोचीहून जहाजानं बेटानुसार चौदा ते अठरा तास लागतात. हवा बिघडली की जहाजाचा भरवसा नाही. त्याचा पहिला फोन आला तेव्हा जाऊन सहा आठवडे झाले होते. आवाज तुटत होता, म्हणून आम्ही व्हिडिओ बंद ठेवूनच बोलायचं ठरवलं. कोचीहून समुद्राखालून टाकलेल्या केबलचं उद्घाटन त्याच वर्षी जानेवारीत झालं होतं, पण त्या पहिल्या फोनला तिचा काही उपयोग झाला नाही.

"अजून 688 दिवस," तो म्हणाला.

दोन वर्षांच्या पोस्टिंगची त्यानं एक्सेल शीट केली होती. रोज रात्री एक आकडा कमी करून झोपायचा. ती शीट काढून टाका, असं मी त्याला सांगितलं नाही. तुरुंगातल्या माणसाच्या भिंतीवरच्या रेघा पुसल्यानं दार उघडत नाही.

तक्रारी सगळ्या ओळखीच्याच होत्या. भाषा कळत नाही. जेवणाचे हाल, कारण हा मासा खात नाही आणि बेट ट्युनावर जगतं. सिनेमा नाही, मॉल नाही. सगळ्यात जास्त त्रास मात्र दुसऱ्याच गोष्टीचा होता. "संध्याकाळी एकटा किनाऱ्यावर बसलो तर दुसऱ्या दिवशी काउंटरवरचा म्हातारा विचारतो, काल एकटेच बसला होतात? रस्त्यानं निघालो की प्रत्येक जण, एविडे पोणु? कुठं चाललात? अहो, माझ्यावर पाळत असल्यासारखं वाटतं."

"तुमच्या गावात पारावर बसलेली माणसं काय विचारतात?"

तो हसला. त्या फोनवर पहिल्यांदाच. "कुणीकडं निघाला पावनं."

"मग तुम्ही पत्ता सांगता का?"

"नाही. 'हे काय, जरा असंच,' म्हणतो."

"मग इथंही 'जरा असंच' म्हणा."

ही गाठ सोपी होती, लगेच सुटली. छोट्या जागी नवीन गेलेल्यांना मी हे आवर्जून सांगते. 'कुठं निघालात' आणि 'जेवलात का' हे बऱ्याचदा प्रश्न नसतात, ते नमस्कार असतात. शहरात राहून आपण ते विसरलेले असतो आणि त्यात चौकशीचा वास घेतो.

आता माझी चूक सांगते. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मी त्याला नेहमीचा सल्ला दिला : लोकांच्या उपयोगी पडा. त्यानं लगेच मनावर घेतलं. रविवारी पोरांसाठी बँकेच्या परीक्षेची शिकवणी सुरू केली, फुकट. पहिल्या रविवारी पाच जण आले, दुसऱ्या रविवारी दोघं. तिसऱ्या रविवारी तो एकटाच फळा पुसून घरी आला.

"बघा, मी करायला जातो, तर यांना नको असतं," तो म्हणाला. आवाजात दुखावलेपण होतं आणि थोडं समाधानही. आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान. ते मला नेहमी सावध करतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी घडण झाली. बावीस वर्षांत मी त्यातलं बरंच सोडलं, पण एक सवय सुटली नाही. माणसाच्या बोलण्यात 'च' कुठं येतो, तिकडं माझा कान असतो. लोकांनी मला समजून घ्यायलाच पाहिजे. मला इथं आवडलंच पाहिजे. आपली मराठी यात मोठी सोयीची आहे, हट्ट एका अक्षरात सापडतो. या मुलाच्या बोलण्यात मात्र नेहमीच्या जागी 'च' सापडत नव्हता. तो समंजस होता, लोकांना नावं ठेवत नव्हता. मग अडतंय कुठं?

सहज विचारलं, "मल्याळम किती शिकलात?"

"एकच शब्द येतो. वेंडा."

"म्हणजे?"

"नको."

दोन महिन्यांत माणसाला परमुलखातला एकच शब्द येतो, आणि तो 'नको'! मी वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मग कुणाला, कधी 'वेंडा' म्हणता ते विचारत गेले. रस्त्यात कुणी स्कूटरवर बसा म्हटलं, वेंडा. चहा, वेंडा. शहाळं, वेंडा. शेजारच्या घरातून झाकलेली वाटी यायची.

"ती तरी घेतलीत ना?"

"पहिल्यांदा मासा होता, परत पाठवली. मग त्यांना कळलं, तर तांदळाचं काहीतरी गोड आलं. ते घेतलं. पण वाटी लगेच घासून परत दिली. अर्ध्या तासात."

"रिकामी?"

"हो. त्यात काय घालणार मी? स्वैपाक कुठं येतो मला."

मी काही बोलले नाही. फोनवरची शांतता कठीण असते, लाइन तुटली की माणूस गप्प आहे, कळत नाही. थोड्या वेळानं मीच विचारलं, "तुमच्या आई काय करायच्या?"

"आई साखर घालायची. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामी वाटी द्यायची नाही म्हणायची." मग पुन्हा शांतता. मग हळूच, "पण वडलांना ते आवडायचं नाही. ते म्हणायचे, कुणाचं घ्यायचंच नाही, म्हणजे द्यायला नको."

सापडला 'च'.

मागची हकिगत त्यानंतरच्या बैठकीत आली. वडलांनी एका पावसाळ्यात सावकाराकडून पैसे उचलले होते. ते फिटेपर्यंत चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. पोरगा तेव्हा चौथीत. कुणाचंही देणं अंगावर ठेवायचं नाही, हे त्यानं तिथंच पक्कं केलं. पुण्यात ते खपून गेलं. तिथं प्रत्येक गोष्टीचे पैसे मोजता येतात, उपकार घ्यायची वेळच येत नाही. बेटावर मात्र जहाज आलं नाही तर दुकानातला कांदा-बटाटा संपतो, आणि मग माणसं एकमेकांच्या दारात जातात. तिथं सगळा व्यवहार उसनवारीवर आणि उसन्या वाट्यांवर चालतो.

मी म्हटलं, "दिवसभर लोकांना कर्ज मंजूर करता तुम्ही. कर्ज म्हणजे काय असतं?"

"म्हणजे... खातं चालू राहणं." तो बोलता बोलता थांबला. मग जे म्हणाला ते मला शब्दशः आठवतं. "मॅडम, मी रोज खातं बंद करून येतोय."

अशा क्षणी समुपदेशकानं गप्प बसावं. मी बसले, पण खोटं कशाला सांगू, मनातून फार बरं वाटलं. आजवर मी अशा लोकांना द्यायला सांगत होते. शिकवा, मदत करा, मिसळा. देणारा माणूस वरच्या पायरीवर उभा असतो, हे माझ्याच ध्यानात आलं नव्हतं. रविवारची शिकवणी बंद का पडली, तेही मला तेव्हा उमगलं. जो आमच्या घरची वाटी ठेवून घेत नाही, त्याचं आम्ही काय म्हणून घ्यायचं?

त्याची एक शंका रास्त होती आणि ती मी उडवून लावली नाही. "बँकेत ग्राहकाकडून काही घ्यायचं नसतं. इथं तर सगळं बेटच ग्राहक आहे." बरोबर आहे. डॉक्टर, शिक्षक, तलाठी, पोलीस, छोट्या जागी नोकरीला गेलेल्या प्रत्येकापुढं हा पेच येतो. आम्ही दोघांनी मिळून रेघ आखली. ज्याची फाइल टेबलावर आहे, त्याच्याकडून चहासुद्धा नाही. शहाळ्यांचा घड, ट्युनाची पिशवी असं कुणाकडूनच नाही. शेजारधर्माची वाटी, जशी गल्लीत सगळ्यांकडं फिरते तशी, ती घ्यायची. शाखेतल्या वरिष्ठांच्या कानावरही घालायचं. त्यानं घातलं. ते म्हणाले, मला वाटलं तुम्हाला कुणात मिसळायचंच नाही.

गृहपाठ एवढाच दिला : पुढची वाटी परत करायची नाही. ठेवून घ्यायची.

चार दिवस त्याला झोप नाही! सांगताना तो हसत होता, पण त्रास खरा होता. ओट्यावरची ती स्टीलची वाटी त्याला थकलेल्या हप्त्यासारखी दिसायची. पाचव्या दिवशी शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी वाटी मागायला आली आणि पायरीवर बसली. ह्यानं इकडंतिकडं शोधलं, आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी सापडली. आपली सोलापुरी, बरेच दिवस टिकणारी. ती वाटीत भरली. मुलीनं बोट बुडवून तिथंच चाखली, हाशहुश केलं, पुन्हा बोट बुडवलं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरचा तोच म्हातारा म्हणाला, "तुमच्याकडं तिखट फार खातात म्हणे." यावेळी त्याला पाळत वाटली नाही.

पुढच्या आठवड्याला मी त्याला आणखी अवघड काम दिलं. घेणं नव्हे, मागणं. त्यासाठी शब्द लागणार होता, 'वेणम', हवं आहे. तो त्याला त्या पायरीवरच्या पोरीनंच शिकवला. माझा अनुभव असा की परकी भाषा पोरांकडून शिकावी. ती चुकल्यावर खळखळून हसतात आणि पुन्हा सांगतात. मोठी माणसं कौतुक करून विषय इंग्रजीत नेतात.

जुलैत जहाज लांबलं, दुकानात भाजी नव्हती, तेव्हा तो शेजारी गेला आणि म्हणाला, भाजी वेणम. त्या घरात सगळं शेजारच्या बाईंच्या हातात. या बेटांवर घर आणि वारसा परंपरेनं आईच्या बाजूनं चालत आलेला, आणि हा दोन महिने अदबीनं फक्त पुरुषांशी बोलत होता! बाईंनी परसातलं एक हिरवं, खरखरीत फळ काढून दिलं. कडचक्का. त्याला वाटलं कच्चा फणस. फोनवर वर्णन ऐकून मीच ओरडले, "अहो, नीरफणस तो! आमच्या मालवणात काप करतात त्याचे." त्या दिवशी पंधरा मिनिटं आम्ही फक्त काप कसे तळायचे हेच बोललो. त्या वेळेची फी मी घेतली, आणि ती वाजवी होती असं माझं अजूनही मत आहे.

आकड्यांचा माणूस तो. एकदा त्यानंच सांगितलं, 2011 च्या जनगणनेत लक्षद्वीपची लोकसंख्या 64,473, जमीन सारी 32 चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांवर माणसं, आणि महाराष्ट्रात 365. "एवढ्या गर्दीत मी एकटा पडलो होतो," म्हणाला. त्याचं एक साधं कारण बोलता बोलता निघालं. संध्याकाळी सहा ते आठ हा दार लावून घरी फोनवर असायचा, आणि गल्ली नेमकी त्याच वेळी बाहेर बसायची. आम्ही फोन नऊ वाजता नेला. आई दोन दिवस रुसली. नव्या जागी गेलेल्या प्रत्येकाला मी आता आधी हेच विचारते : तिथली माणसं बाहेर बसतात तेव्हा तुम्ही कुठं असता?

एक मात्र स्पष्ट सांगते. मन न लागणं वेगळं आणि आजार वेगळा. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त उडाली, कशातच रस उरला नाही, जगणं नको वाटायला लागलं, तर वाट्यांच्या गोष्टीत वेळ घालवू नका. डॉक्टर गाठा. डॉक्टर लांब असेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे. या मुलाच्या बाबतीत हे मी पहिल्याच फोनवर तपासून घेतलं होतं.

आमच्या एकूण नऊ बैठका झाल्या. दहावी ठरली होती, त्या सकाळी त्याचा मेसेज आला : "मॅडम, आज जमणार नाही. जहाज लागतंय, शेजाऱ्यांचं सामान उतरवायला माणूस कमी आहे." एक्सेल शीटचं काय झालं, हे मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

दिवाळीत तो सुटीवर निघाला तेव्हा कोचीहून माझ्या पत्त्यावर एक पार्सल आलं. झाकणाचा स्टीलचा डबा, आत नीरफणसाचे कुरकुरीत काप, आणि चिठ्ठी : 'शेजारच्या बाईंनी तुमच्यासाठी केलेत. डबा त्यांचा आहे.'

समुपदेशकानं येणाऱ्या माणसाकडून भेट घेऊ नये, हा आमच्याही धंद्यातला नियम. बावीस वर्षं मी तो पाळलाय, मिठाईचे पुडे दारातून परत पाठवलेत. काप मी आणि आमच्या रिसेप्शनवरच्या मावशींनी दोन दिवसांत संपवले. डबा धुऊन टेबलावर ठेवलाय. त्यात काय भरून पाठवावं, ते अजून ठरत नाही.