नाण्यावर काय दिसतं?

प्रिय मुली,

तुझ्या 'मोबी डिक' कादंबरीच्या पानांचे फोटो मिळाले. समासात पेन्सिलीने लिहिलंयस, 'देवमासा = देव?' ते खोडून 'निसर्ग', मग 'मृत्यू', आणि शेवटी वैतागून नुसतंच '= ??'. खाली मेसेज, "सर, परीक्षेत नक्की काय लिहू?"

एम.ए.ला असताना मीही 'मोबी डिक'मधल्या देवमाशाच्या पांढऱ्या रंगावर दोन पानं खरडली होती, गाइडमधून पाठ केलेली. मार्क बरे पडले. कादंबरी मात्र निम्मीही वाचून झाली नव्हती. १३५ प्रकरणं, त्यातली देवमाशांच्या जातींची, चरबी उकळण्याची सगळी मी कंटाळून गाळली. म्हणजे देवमासा गाळून देवमाशाचा अर्थ लिहिला!

कादंबरीचा लेखक मेलव्हिल, त्याला ही भीती होतीच. तो स्वतः १८४१ साली देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर चढला होता. ४५ व्या प्रकरणात इश्माएल, म्हणजे गोष्ट सांगणारा खलाशी, चक्क तक्रार करतो की, किनाऱ्यावरच्या लोकांना या धंद्यातलं काही कळत नाही, ते मोबी डिक या देवमाशाला भाकडकथा म्हणतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे असह्य रूपककथा. मग तो पुरावे काढतो. १८२० साली 'एसेक्स' नावाचं खरंखुरं जहाज देवमाशाने धडक मारून बुडवलं होतं, तेही त्यात येतं. तेव्हा आधी मासा मासाच असू दे.

आता ९९ वं प्रकरण काढ. तू ते उडवलेलं दिसतंय, त्या पानांवर पेन्सिल लागलेलीच नाही. पांढरा देवमासा पहिल्यांदा दिसेल त्याला बक्षीस म्हणून शिकारी जहाजाच्या कॅप्टन अहॅबने सोन्याचं एक नाणं डोलकाठीवर ठोकलेलं असतं. ठोकण्याआधी ते कोटाच्या टोकावर घासून घासून चकचकीत करतो, हेही विसरू नकोस (३६ वं प्रकरण). नाणं इक्वादोरचं. त्यावर तीन डोंगर. एकावर ज्वाळा, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. वर राशिचक्राची कमान.

जहाजावरचे लोक एकेक करून त्याच्यासमोर येतात. अहॅबला बुरूज, ज्वालामुखी, कोंबडा, तिन्हींत अहॅबच दिसतो. देवभोळ्या स्टारबकला ख्रिस्ती त्रिमूर्ती दिसते. स्टब पंचांग आणून राशी लावत बसतो. फ्लास्क म्हणतो, सोळा डॉलरचं नाणं आहे, दोन सेंटला एक या भावाने ९६० सिगार येतील. जरा आकडेमोड करून बघ. ८०० येतात! ज्याला किमतीपलीकडे काही दिसत नाही, त्याचा तोही हिशेब चुकलेला. मला हे फार आवडतं. फेदल्ला नाण्यावरच्या सूर्याला वाकून नमस्कार करतो, कारण तो म्हणे पारशी. (मेलव्हिलचा हा पारशी आपल्या दादर पारशी कॉलनीत कुणाला ओळखू यायचा नाही, पण ते राहू दे.)

शेवटी येतो पिप. समुद्रात एकटा पडून राहिल्यामुळे डोकं फिरलेलं पोरगं. तो आधी बघणाऱ्यांकडे बघत राहतो आणि मग व्याकरणाचा धडा म्हणतो: मी बघतो, तू बघतोस, तो बघतो, आम्ही बघतो, तुम्ही बघता, ते बघतात. शाळेत आपण क्रियापदं चालवायचो ना, अगदी तसं.

उत्तरपत्रिकेत मला तुझ्याकडून हेच हवंय. 'नाणं म्हणजे अमुक' असं लिहू नकोस. कोण बघतंय, त्याला काय दिसतं, आणि त्यातून तो माणूस आपल्याला कसा दिसतो, ते लिही. पांढऱ्या रंगाचंही तसंच. ४२ व्या प्रकरणात इश्माएल पांढरा हत्ती, ध्रुवावरचं अस्वल, पांढरा शार्क असं काय काय गोळा करतो, पण एका अर्थावर थांबत नाही. आपल्याकडे तरी काय, वारकऱ्याचं धोतर पांढरं आणि मयतावर घालायचं कापडही पांढरंच.

अजून जमत नसेल तर एकच वस्तू धर आणि ती कुठे कुठे जाते ते वहीत टिपून ठेव. क्वीक्वेग या भालाईत खलाशाची शवपेटी घे. तो आजारी पडतो, सुतार मापं घेऊन पेटी बनवतो, हा बरा होतो. मग पेटीत कपडे ठेवतो, झाकणावर आपल्या अंगावरच्या गोंदणाची नक्षी कोरतो. पुढे जहाजावरचं जीवरक्षक पिंप बुडतं, तेव्हा त्याच पेटीच्या फटी डांबराने बुजवून ती पिंपाच्या जागी टांगतात. सुतार कुरकुरतो, असली ठिगळं लावायची कामं त्याला आवडत नाहीत. आणि अगदी शेवटी जहाज बुडाल्यावर ती पाण्यातून उसळून वर येते; तिला धरून इश्माएल वाचतो. हे सगळं लिहिताना 'प्रतीक' हा शब्द एकदाही लागला नाही बघ.

आणि उपसंहाराचं ते पान ऑप्शनला टाकू नकोस. ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला निघालेल्या पहिल्या आवृत्तीत नेमकं तेच गळलं होतं. सगळे बुडाले तर गोष्ट सांगतोय कोण, असं तिथल्या समीक्षकांनी विचारलं. त्यांच्या प्रतीत शवपेटी वर आलीच नव्हती.

तुझा,
सर