डीव्हीडीवरून हार्ड डिस्कवर कॉपी व्हायला दोन तास का लागतात?

बडोद्याच्या घरी जुन्या फोटोंच्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवताना भरलेल्या एका डिस्कला दोन तास लागतात, तर नवी हार्ड डिस्क घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. घेऊ नका. साधी फिरती हार्ड डिस्कही सेकंदाला 80-100 एमबी सहज लिहिते, आणि 16 एक्सचा (मूळ वेगाच्या 16 पट वेगाचा) डीव्हीडी ड्राइव्ह फार तर 22 एमबी देतो. घोळ डिस्क, ड्राइव्ह किंवा केबल यांतच आहे.

डीव्हीडीचा 1 एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे 1.38 एमबी. त्या वेगानेही 4.7 जीबी तासाभरात उतरायला हवेत. तुमचा ड्राइव्ह त्याच्याही निम्म्यावर आहे, म्हणजे तो वाचताना अडखळतोय. (डिस्क आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे सुरुवातीला वेग कमी असणं चालतं.)

आधी एखाद्या सॉफ्टवेअरची कंपनीत छापलेली, स्वच्छ डीव्हीडी घालून कॉपी करून बघा. सिनेमाची नको, कारण काही ड्राइव्ह सिनेमाची डिस्क मुद्दाम हळू वाचतात.

तीही हळू चालली तर ड्राइव्हकडे वळा. ड्राइव्ह बाहेरचा असेल तर मधला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) काढा आणि मागच्या यूएसबी 2.0 पोर्टला थेट लावा. यूएसबी 1.1 वर सेकंदाला जेमतेम 1 एमबी मिळतो. जुन्या विंडोज एक्सपी मशीनमध्ये चपट्या आयडीई केबलचा ड्राइव्ह असेल आणि कॉपी चालू असताना माउससुद्धा अडकत असेल, तर तो पीआयओ मोडवर, म्हणजे प्रत्येक बाइट प्रोसेसरकडून हलवणाऱ्या जुन्या संथ पद्धतीवर घसरलाय. वाचताना वारंवार चुका झाल्या की विंडोज स्वतःच तसं करतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट करा, डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवणारी वेगवान पद्धत, परत येते. पुन्हा घसरला तर केबल बदला.

छापलेली डिस्क भराभर उतरली, तर दोष तुमच्या डिस्कमध्ये आहे, आणि घरी बर्न केलेल्या डिस्कच्या बाबतीत बहुतेकदा हेच निघतं. एखादा सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) नीट वाचला गेला नाही की ड्राइव्ह वेग कमी करून तोच पुनःपुन्हा वाचत बसतो. कान देऊन ऐका: फिरण्याचा आवाज चढतो, एकदम पडतो, पुन्हा चढतो. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये सीडीरॉमच्या नावाने 7 नंबरची 'बॅड ब्लॉक'ची नोंद दिसली की खात्रीच.

डिस्क उजेडात तिरपी धरा. बडोद्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिलेल्या डिस्कवर धुरकट थर किंवा बोटांचे ठसे हमखास दिसतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका: गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. वर कागदी लेबल असेल तर ते भिजवू नका, सोलूही नका. डिस्क सीडी असेल तर तिचा चकचकीत थर लेबलाच्या अगदी खाली असतो, लेबलाबरोबर तोही निघून येतो.

मग फाइली ओढून कॉपी करू नका. हजारो छोटे फोटो असले की ड्राइव्हचं डोकं प्रत्येक फाइलसाठी इकडेतिकडे धावतं आणि वरून अँटिव्हायरस प्रत्येक फोटो तपासतो. इमेजबर्न या डिस्क कॉपी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रीड' निवडून वेग 4 एक्सवर ठेवा आणि पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) बनवा. वाचन सलग होतं, आणि कमी वेगाला खराब जागा बऱ्याचदा वाचल्या जातात. विंडोज 8 किंवा पुढचं असेल तर आयएसओवर डबल क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते.

तरीही अडकली तर तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न जमलेली डिस्क दुसरा बिनतक्रार वाचतो, असं बऱ्याचदा होतं. वाचनातल्या चुका सोडून पुढे जायचा पर्याय मात्र शेवटी वापरा. न वाचलेल्या जागी तेव्हा नुसती शून्यं भरली जातात: फाइलचा आकार बरोबर दिसतो, पण फोटो अर्ध्यापासून करडा निघतो. म्हणून अशा डिस्कचे फोटो एकेक उघडून पाहिल्याशिवाय मूळ डीव्हीडी टाकू नका.