खोकं अकरा दिवस तसंच पडून होतं

प्रश्न: मी बारा वर्षं घडीचे चाकू जमवतोय. पूर्वी नवीन मॉडेल येणार म्हटलं की रात्र रात्र फोटो बघत बसायचो. आता बघतो आणि पुढे सरकतो. असं इतरांचंही होतं का? की सगळं विकून मोकळं व्हावं?

होतं. माझं झालं, आणि मला ते माझ्या बायकोने सांगितलं. न्यू जर्सीहून भाचा आला होता, येताना त्याने माझ्यासाठी चाकू आणला. मीच मागवला होता, पैसेही आधीच पाठवले होते. तो खोकं देऊन गेला आणि ते टीपॉयच्या खालच्या फळीवर पडलं ते पडलंच. अकराव्या दिवशी केर काढताना बायको म्हणाली, "अहो, हे उघडायचं नाहीये का? आजारी-बिजारी आहात का?"

आजारी नव्हतो. पण मग बसून विचार केला, की वीसेक वर्षांपूर्वी असं खोकं मी जिन्यातच दाताने फाडलं असतं.

थोडं माझ्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं घडवतात तिथे, काम करतो. डाय, पंच, फिक्स्चर. म्हणजे पोलाद हा दिवसभराचा विषय. पहिला चाकू १९९४ साली मिळाला, आत्याच्या यजमानांनी परदेशातून आणलेला लाल व्हिक्टोरिनॉक्स, कात्रीवाला. त्यातल्या बूच काढायच्या स्क्रूने मी आजतागायत एकही बूच काढलेलं नाही. ताडपत्रीच्या दोरीच्या ओल्या गाठी मात्र शेकडो सोडवल्यात. त्यासाठी त्यासारखं दुसरं काही नाही.

तिथून लागलं ते वेड. आणि आता मागे वळून बघताना एक गोष्ट दिसते, जी तेव्हा दिसली नव्हती. सुरुवातीचा प्रत्येक चाकू मला काहीतरी शिकवून गेला. फ्रान्सचा ओपिनेल हातात आला तेव्हा कळलं की लाकडाची मूठ, एक पातं आणि एक फिरती कडी एवढ्यावर चाकू पुरा होतो. मूळचा चाकू १८९० चा आहे, कडी १९५५ साली आली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, पातं बोटावर मिटत नाही. बस. मग स्पायडर्को या अमेरिकन कंपनीचा आला. त्याच्या पात्याला गोल भोक. अंगठा त्यात टेकवून एका हाताने उघडा, दुसऱ्या हातात दोरी धरलेली असली तरी चालेल. १९८१ साली त्या लोकांनी हे भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप एकाच चाकूत आणली. आज बाजारातले निम्मे चाकू त्याच दोन कल्पनांवर जगतायत म्हटलं तरी चालेल. मग लायनर लॉक, पातळ पत्र्याची जीभ पात्यामागे सरकून बसते ते. मग बेंचमेड कंपनीचं अ‍ॅक्सिस लॉक, १९९८ चं. त्यात आडवी पिन दोन्ही बाजूंनी मागे ओढता येते, त्यामुळे डावखुऱ्यालाही सोपं. हे मी टूलरूममधल्या एका डावखुऱ्या फिटरच्या हातात दिलं, तर त्याने दिवसभर परतच केलं नाही.

या सगळ्या कल्पना जन्मायला मिळून शंभरेक वर्षं लागली. मी मात्र त्या चार-पाच वर्षांत एकामागोमाग एक हातात घेतल्या, कारण मी उशिरा आलो होतो. त्यामुळे माझा समज झाला की हे क्षेत्रच असं आहे, दर तीन महिन्यांनी इथे काहीतरी नवं घडतं. नवं घडत नव्हतं. मी मागचा साठलेला अभ्यासक्रम भराभर संपवत होतो. तो संपला, आणि मग कंपनीच्या वेळापत्रकाने चालायची वेळ आली.

कंपनीला दर महिन्याला काहीतरी काढावं लागतं. खऱ्या कल्पना दर महिन्याला येत नाहीत. मग काय येतं? तोच चाकू, हिरव्या मुठीत. तोच, काळ्या पात्यात. तोच, मर्यादित आवृत्ती, नंबर कोरलेला. एकेकाळी माझ्याकडे एकाच मॉडेलचे चार नग होते आणि मी ते चार वेगळे चाकू समजत होतो. बायको म्हणाली, आमच्या साड्यांना हसता ना? मला उत्तर सुचलं नाही.

पोलादाचंही तेच. एस३०व्ही हे २००१ चं. खास चाकूच्या पात्यासाठी घडवलेलं पावडरचं पोलाद, म्हणजे वितळलेल्या धातूची आधी बारीक भुकटी करतात आणि मग ती दाबून, तापवून एकसंध करतात. त्याने कार्बाइडचे, म्हणजे पोलादातले सगळ्यात कठीण, कण बारीक आणि सारखे पसरतात. ते खरंच मोठं काम होतं. मग २००९ मध्ये एस३५व्हीएन. २०१९ मध्ये एस४५व्हीएन. फरक आहे, नाही असं नाही. पण घरात पार्सल उघडणाऱ्या आणि पेरू कापणाऱ्या माणसाला तो हाताला कळतो का? मी तिन्ही वापरलेत, रोज धातूतच असतो, आणि मला कळला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून हातात द्या, मी पैज हरेन.

खरा भ्रमनिरास झाला तो मात्र डी२ नावाच्या पोलादामुळे. काही वर्षांपूर्वी स्वस्त चिनी चाकूंवर डी२ असं ठळक कोरलेलं यायला लागलं आणि सगळीकडे एकच गजर, परवडणाऱ्या किमतीत डी२! मी बघतच राहिलो. डी२ म्हणजे आमचं एचसीएचसीआर हो, हाय कार्बन हाय क्रोमियम. भोसरीत कुठल्याही टूलरूममध्ये जा, कोपऱ्यात त्याचे ठोकळे पडलेले असतात. दीड टक्का कार्बन, बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, पंच आणि डायसाठी आम्ही ते साठच्या आसपास रॉकवेलला (हे कठीणपणाचं माप) हार्डन करून घेतो. चांगलंच पोलाद आहे, माझा त्याच्यावर राग नाही. पण ज्याच्या चुऱ्यावरून मी रोज बूट घासत जातो त्याच्यासाठी रात्री जागून ऑर्डर द्यायची? त्या दिवशी काहीतरी तुटलं.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. मला वाटलं, स्वस्त मालाने उबग आलाय, महाग घेतला की उत्साह परत येईल. क्रिस रीव्हचा सेबेन्झा घेतला. चारशे डॉलरच्या वरचा चाकू, झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. तो चाकू तक्रार करण्यासारखा नाहीच. त्याची घडण बघून टूलरूमवाल्याला स्वतःची लाज वाटावी. पहिल्या संध्याकाळी दोनशे वेळा उघडला-मिटला असेल. दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याच्यानंतर आणखी एक घेतला, दुसऱ्या एका कंपनीचा, जवळपास तेवढाच महाग, तर त्याचं पातं मिटताना एका बाजूला घासायचं. पत्र लिहिलं, उत्तर आलं की हे मर्यादेत आहे. ०.२ मिलिमीटरचा फरक आमच्याकडे मर्यादेत नसतो, पण असो.

तात्पर्य नाही सांगत, घडलं ते सांगतो. एप्रिल होता. आईने कैऱ्या आणल्या होत्या लोणच्याला. विळीवर नेहमीचं काम चाललं होतं, मी मदतीला बसलो आणि हाताला येईल तो चाकू घेतला. तो निघाला आठ नंबरचा ओपिनेल, साध्या कार्बन पोलादाचा, कित्येक वर्षं न वापरलेला. दहा-बारा कैऱ्या झाल्यावर पात्याकडे लक्ष गेलं. त्याच्यावर रंग चढत होता. आधी पिवळसर, मग जांभळा, मग मोरपंखी निळा, आणि संध्याकाळपर्यंत मस्त शिशासारखा राखाडी. कैरीच्या आंबटाने पोलादावर पातळ थर धरला होता. मी आईला मोठ्या कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "विळीला चाळीस वर्षं हेच होतंय. तुला आज दिसलं?"

आणि कापत कसा होता! साडेतीन-चार मिलिमीटर जाड पात्याचे माझे टायटॅनियमवाले शूरवीर कैरीत पाचर मारल्यासारखे शिरतात, फोड तडकून उडते. हा पातळ, धारेकडे अलगद निमुळता होत गेलेला. धार किती दिवस टिकते हे पोलाद ठरवतं, पण कापतं कसं ते पात्याचा आकार ठरवतो. हे मला पुस्तकी माहीत होतं. हाताला त्या दिवशी कळलं. म्हणजे वीस वर्षांच्या जुन्या चाकूने मला शिकवलं, आणि त्याच आठवड्यात आलेल्या नव्या मॉडेलच्या मेलने काहीच नाही.

तिथून माझी दिशा बदलली. धार लावायला नीट शिकलो, दगडावर, यंत्रावर नाही. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या स्वयंपाकघरांतल्या सुऱ्या आता माझ्याकडे येतात, धारवाल्याची सायकल आमच्या गल्लीत यायची थांबल्यालाही बरीच वर्षं झाली. आणि जुने चाकू बघायला लागलो. अमेरिकेत केस नावाची जुनी कंपनी आहे, पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डची. १९७० पासून त्यांनी पात्याच्या बुडाशी शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक ठिपका काढत गेले. भिंग घेऊन ठिपके मोजायचे की चाकू कुठल्या साली घडला ते कळतं. भाच्याने तिकडच्या जुन्या बाजारातून एक आणून दिला, चार ठिपके, म्हणजे १९७६. तीन पात्यांचा स्टॉकमन. त्यातलं तिसरं, बोथट टोकाचं पातं कशासाठी म्हणाल? वासरं खच्ची करायला. गुराख्यांचा चाकू होता तो. हे कळल्यावर मी तो चाकू बायकोला भाजी चिरायला द्यायचं रद्द केलं.

पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयातल्या अडकित्त्यांसमोर एकदा अर्धा तास उभे राहा. दिनकर केळकरांनी, जे अज्ञातवासी नावाने कविता करायचे, लोकांच्या घरातल्या वापरून झालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. सुपारी फोडायची कात्री ती काय, पण लोहाराने तिचा पक्षी केलाय, घोडा केलाय. आणि त्यातलं काहीही अमुक तारखेला बाजारात येणार म्हणून जाहीर झालं नव्हतं. मी पूर्वी तिथे शाळेच्या सहलीत गेलो होतो आणि दिवे बघून पुढे पळालो होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, विकावं का. लगेच नको. मी सगळे चाकू एका पत्र्याच्या पेटीत घातले आणि सहा महिने एकच नियम ठेवला, लागेल तो काढायचा आणि काढलेला परत पेटीत टाकायचा नाही. चौसष्टांपैकी नऊ बाहेर आले. सेबेन्झा त्यात नव्हता, आतोबांचा लाल व्हिक्टोरिनॉक्स होता. मग एकतीस विकले, ओळखीतल्यांनाच. एका विक्रीचा पश्चात्ताप आहे, तो स्पायडर्कोचा साधा डेलिका होता आणि स्वस्तातच गेला. महागडे विकल्याचं काहीच वाटलं नाही, हे मला स्वतःलाही विचित्र वाटतं.

आणि नव्याबद्दलचा उत्साह पूर्ण मेला का? नाही, एकदा परत आला होता. २०२१ साली लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञाचं मॅग्नाकट आलं. डी२ मध्ये क्रोमियम बारा टक्के असूनही ते गंजतं, कारण बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून बसतं, गंज अडवायला मोकळं राहत नाही. या माणसाने मिश्रण असं जुळवलं की हार्डन केल्यावर क्रोमियमचं कार्बाइड उरतच नाही, झीज सोसायचं काम व्हॅनेडियम आणि नायोबियम करतात. क्रोमियम डी२ पेक्षा कमी, पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास, आणि गंज मात्र त्याच्याहून कितीतरी कमी. मी तीन रात्री त्यावर वाचत बसलो. टूलरूममध्ये डबा खाताना सगळ्यांना पकवलं. अगदी १९९४ सारखं वाटलं. म्हणजे माझ्यात काही बिघडलं नव्हतं, फक्त खाद्य मिळत नव्हतं. त्या पोलादाचा एक चाकू घेतला, पहिलाच आणि एकच. तो त्या नवांबरोबर बाहेर असतो, दहावा.

बाकी मेल मी बंद केलेत. कुणी विचारलं की अमुक आलाय, बघितलास का, तर नाही म्हणतो. सुरुवातीला लाज वाटायची, आपण जुने संग्राहक आणि आपल्यालाच माहीत नाही म्हणजे काय. वर्षभरात गेली.

तुमच्याकडे एखादा कार्बन पोलादाचा पडून असेल तर मंडईत कैऱ्या आल्या की बाहेर काढा. कापून झाल्यावर लगेच पुसू नका, पाच मिनिटं तसाच राहू द्या. नंतर मात्र धुऊन कोरडा करा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा, नाहीतर पावसाळ्यात खरंच गंजेल.